विचारा तर खरं: पिल्लू रात्रीचं झोपूच देत नाही

मे महिन्याची सुट्टी लागली की किंवा दिवाळी झाली की या सदरात एकाच प्रकारची पत्रं यायला लागतात, घरात नवीन पिल्लू आलंय आणि घरातल्या माणसांचे डोळे तांबारलेत. यावेळी बहुतेक पत्रं किनारपट्टीवरचीच आहेत आणि सगळी छोट्या ब्रीडच्या पिल्लांबद्दल, म्हणून एकत्र घेतलीयत. पहिल्या उत्तरात बरंच काही आलंय त्यामुळे बाकीच्यांनी तेही वाचा, तेच तेच परत लिहीत नाही.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही चिपळूणजवळच्या गावात राहतो. मुलांच्या हट्टापायी मागच्या आठवड्यात कोल्हापूरहून शित्झूचं पिल्लू आणलं, विकणाऱ्याने पंचेचाळीस दिवसांचं आहे असं सांगितलं. दिवसा मस्त असतं, खातं, खेळतं, पायात पायात येतं. रात्री पडवीत खोक्यात ठेवून दार लावलं की जे सुरू होतं ते पहाटेपर्यंत. सासूबाई म्हणतात रडू दे, चार दिवसांत गप्प होईल. मिस्टर म्हणतात उचलून आत आणलंस तर कायमची सवय लागेल. मी आपली चोरून उठते, जवळ घेते आणि सकाळी सगळ्यांची बोलणी खाते. बरोबर कोणाचं?

उत्तर: ताई, तुमचं. हवं तर घरात मोठ्याने वाचून दाखवा.

पंचेचाळीस दिवस म्हणजे जेमतेम साडेसहा आठवडे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच मनाई आहे, पण आपल्याकडे 'पंचेचाळीस दिवस झाले की न्या' हे इतकं रुळलंय की विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. आता आणलंय तर आणलंय. फक्त हे ध्यानात घ्या की या जिवाने जन्मल्यापासून एकही रात्र एकट्याने काढलेली नाही, आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या अंगावर पाय टाकून झोपायची सवय, आणि अचानक कुंभार्ली घाट उतरून (ओकत ओकतच आलं असेल) एक अनोळखी पडवी, बंद दार, रातकिडे, मधेच पत्र्यावर धाडकन पडणारी झावळी. ते हट्ट करत नाहीये, बोलावतंय. आईपासून लांब पडलेल्या पिल्लाने ओरडायचं म्हणजे आई शोधत येते, एवढंच त्याला जन्मतः येतं.

आता सासूबाईंचं म्हणणं. रडून रडून पिल्लू गप्प होतं हे खरंच आहे, कारण ते थकतं. पण गप्प होणं आणि शांत होणं यात फरक आहे. ज्या पिल्लाला असं रडू दिलेलं असतं ते पुढे त्या जागेलाच घाबरतं, खोक्याजवळ नेलं की पाय रोवून बसतं, आणि त्यातली काही कुत्री मोठी झाल्यावरसुद्धा दार बंद झालं की दार ओरबाडतात, घर डोक्यावर घेतात. मिस्टरांची भीती मात्र मी समजू शकतो, सवय लागते हे खरंय. म्हणून सवय लावायची ती टप्प्याटप्प्याने लांब झोपायची, पहिल्या रात्रीपासून लांब टाकायची नाही.

करायचं काय ते सांगतो. आजच खोकं तुमच्या अंथरुणाशेजारी आणा, इतकं जवळ की झोपल्या झोपल्या हात आत घालता येईल. खाली झोपत असाल तर उत्तमच. कुरकुरलं की हात ठेवायचा, बोलायचं नाही, उचलायचं नाही, लाईट लावायचा नाही. हाताच्या वासानेच बहुतेक पिल्लं परत आडवी होतात. सलग काही रात्री नीट गेल्या की खोकं हातभर सरकवायचं, मग अजून थोडं, मग खोलीच्या दाराशी, मग माजघरात. कुठल्या टप्प्यावर परत रडायला लागलं तर एक पाऊल मागे यायचं, त्यात काही बिघडत नाही. कोणाचं आठवड्यात होतं कोणाला महिना लागतो, तुमचं पिल्लू लवकर तोडलेलं आहे तेव्हा घाई करू नका. आणि पडवी हे शेवटचं ठिकाण समजू नका, ते का ते खाली दापोलीच्या पत्रात येईल.

खोक्याबद्दल. आपल्याकडे आंब्याची लाकडी पेटी असतेच घरात, बरेच जण तीच घेतात. घ्यायला हरकत नाही पण आधी आतून हात फिरवून खिळे आणि कुसळं बघा, फळ्यांच्या फटीत पंजा अडकतो तेही बघा. त्यापेक्षा आंबा भरायचा प्लास्टिकचा जाळीदार क्रेट बरा, धुता येतो, वारा लागतो. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे एवढीच जागा हवी, फार मोठी जागा असली की एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपतात. आत जुन्या सुती साडीची घडी आणि तुमचा न धुतलेला एखादा कपडा घाला. विकणाऱ्याकडून आईच्या वासाचं फडकं मिळालं असतं तर फार बरं झालं असतं, यापुढे कोणी आणणार असेल त्याने ते मागून घ्यावं. टिकटिकणारं घड्याळ टॉवेलात गुंडाळून ठेवतात काही जण, ठेवा, पण त्यावर फार भिस्त नको. गरम पाण्याची बाटली मेमध्ये तर अजिबात नको, पावसातल्या गार रात्री किंवा जानेवारीत चालेल, कापडात गुंडाळून आणि खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल.

हेच खोकं दिवसाही वापरायचं. फक्त रात्री कोंडायला खोकं काढलं तर त्याला ती शिक्षाच वाटणार. दिवसा आत दोन दाणे टाकायचे, जेवणाची वाटी आत ठेवायची, झोप आली की उचलून आत ठेवायचं, तुम्ही बाजूला भाजी निवडत बसायचं, मग दोन मिनिटं उठून स्वयंपाकघरात जाऊन यायचं. जाऊन परत येणं हे त्याने दिवसाउजेडी बघितलं की रात्रीचं सोपं जातं.

आता शू. दोन महिन्यांच्या पिल्लाला साधारण दोन-तीन तास धरवतं, छोट्या ब्रीडची पिशवीच छोटी त्यामुळे त्याहून कमीच धरा. म्हणजे रात्री एक-दोनदा उठणं हे तुमच्या नशिबात आहेच, चार महिन्यांच्या आसपास ते बरंच कमी होतं. शांत झोपलेलं पिल्लू अचानक उठून खोक्यात गोल फिरायला लागलं, वास घ्यायला लागलं, बारीक कुं कुं केलं तर ती हाक शूची. लगेच उचलायचं, ठरलेल्या एकाच जागी न्यायचं, गप्प उभं राहायचं, केली की तिथल्या तिथे हळूच शाबासकी आणि सरळ परत खोक्यात. गप्पा नाहीत, खेळ नाही, मोबाईलचा टॉर्च तोंडावर नाही. रात्री दोन वाजता मुलं उठून 'अले ले ले' करायला लागली तर पिल्लाला वाटतं हीच खेळायची वेळ, मग उद्या दोन वाजता तेच तुम्हाला उठवणार. घरात झाली तर नुसत्या फिनेलने पुसू नका, पिल्लाच्या पंजांना आणि नाकाला ते चरचरतं आणि जुना वासही जात नाही, साबणाचं पाणी आणि मग व्हिनेगरचं पाणी, किंवा पेटशॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते.

संध्याकाळचं वेळापत्रक हा अर्धा इलाज आहे. तिन्हीसांजेला ही पिल्लं वेड लागल्यासारखी पळतात, चावतात, पडदे ओढतात, लोकांना वाटतं फार एनर्जी आहे, अजून खेळवा. बहुतेक वेळा ते झोपेला आलेलं असतं. या वयात दिवसरात्र मिळून अठरा ते वीस तास झोप लागते आणि घरात मुलं असली की दिवसाची झोप कोणी होऊच देत नाही, मग जास्त दमलेलं पिल्लू रात्री किरकिरतं. तासभर जागं राहिलं की झोपवा, मुलांना सांगा झोपलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही. जेवण दिवसातून चार वेळा, रात्रीचं मोठं जेवण आठच्या सुमारास, झोपायच्या आधी थोडंसं काहीतरी, आणि अगदी झोपताना एकदा बाहेर. दूधभात देत असाल तर तो बंद करा, गाईम्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि रात्री तीनला ढाळ होतात, त्यापेक्षा पपी फूड भिजवून, किंवा मऊ भात आणि उकडलेलं चिकन. अजून एक खास आपल्याकडचं, सुकट किंवा सुका बांगडा 'आवडीने खातो' म्हणून देतात, त्यात मीठ इतकं की पिल्लू रात्रभर पाणी पितं आणि रात्रभर मुततं. कांदा घातलेलं कालवण तर कुठल्याच कुत्र्याला नको, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आणि एक रडणं असं असतं ज्याला वरचं काहीच लागू नाही. जेवण नाकारलं, उलट्या, पाण्यासारखे किंवा रक्ताचे ढाळ, पोट टम्म आणि हात लावला की कळवळणं, हिरड्या पांढऱ्याफटक, तर सकाळची वाट बघू नका. लस न झालेल्या पिल्लात पार्व्हो (आतड्यांवर हल्ला करणारा विषाणू) काही तासांत हातातून घालवतो. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी. विकणाऱ्याने 'सगळं झालंय' म्हटलं असेल तर त्याच्याकडून लसीचं स्टिकर लावलेलं कार्ड मागा. कार्ड नसेल तर काहीच झालं नाही असं धरून चाला.

प्रश्न: आमच्या पिल्लाला झोप लागावी म्हणून मेडिकलवाल्याने सर्दीची अर्धी गोळी द्यायला सांगितली. देऊ का?

उत्तर: नाही. माणसांची कुठलीच गोळी नाही, ना सर्दीची, ना झोपेची, ना कफ सिरप. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं आणि किलो-दीड किलोच्या पिल्लाला त्याची मात्रा चुकायला वेळ लागत नाही, दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते. काकवी-ब्रँडी चाटवणारेही भेटलेत मला. त्यांना काय बोलावं.

प्रश्न: अलिबागहून लिहितेय. आमचं पॉमेरेनियन पिल्लू नऊ आठवड्यांचं, वजन जेमतेम आठशे ग्रॅम. रात्री शू करू नये म्हणून कोणीतरी सांगितलं की संध्याकाळी सहानंतर खाणं-पाणी बंद करायचं. रात्री खरंच शांत झोपायला लागलं, आम्ही खुश. पण काल सकाळी उठवायला गेले तर मान टाकलेली, पाय लटपटत होते, थरथरत होतं. थोडं दूध पाजल्यावर तासाभराने ठीक झालं. हे काय असावं?

उत्तर: ताई, हे पत्र वाचून मला घाम फुटला. तुम्ही लिहिलंय त्यावरून रक्तातली साखर उतरलेली दिसतेय, आणि ते 'शांत झोपणं' कदाचित झोप नसून अशक्तपणा असेल. एवढ्या छोट्या पिल्लाकडे साठा नसतोच, यकृत लहान, अंगावर चरबी नाही, त्यात सहा ते सकाळी सात असा तेरा तासांचा उपास. छोट्या ब्रीडमध्ये तीन-चार महिन्यांपर्यंत हा धोका असतो आणि यात झटके येऊन पिल्लू दगावतं.

आजपासून दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खाणं, त्यातलं शेवटचं रात्री साडेदहा-अकराला आणि पहिलं पहाटे पाच-साडेपाचला. पाणी तोडायचं नाही, आपल्याकडच्या दमट उकाड्यात तर नाहीच, फार तर झोपायच्या तासभर आधी वाटी उचला आणि रात्री शूला नेल्यावर दोन घोट पाजा. घरात मध किंवा ग्लुकोज पावडर हाताशी ठेवा. परत असं दिसलं तर बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळायचा, शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जाईल. अंग गार लागत असेल तर टॉवेलात गुंडाळा आणि तशीच गाडी काढा. बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवायचंच, पोटात जंत असले तरी साखर अशी उतरते आणि आठशे ग्रॅमच्या पिल्लाला जंताचं औषध वजनावर मोजूनच द्यावं लागतं. रात्री एकदा उठावं लागणं हा त्यामानाने फार स्वस्त सौदा आहे.

प्रश्न: देवगड. पगचं पिल्लू, तीन महिन्यांचं. झोपतं पण इतकं घोरतं की आम्हालाच झोप नाही, आणि मधेच दचकून उठून धापा टाकतं. डास फार आहेत म्हणून क्रेटवर चादर टाकतो आणि शेजारी कॉईल लावतो.

उत्तर: चादर काढा आणि कॉईल विझवा, आज रात्रीपासूनच. पगचं नाक इतकं आखूड केलंय माणसाने की आतली हवेची वाट मुळातच अरुंद, कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो गरमी टाकतो ती धापा टाकून, आणि हवाच दमट असली की धापा टाकून फारसं उतरत नाही. त्यात तुम्ही वरून चादर घालून आत धूर सोडताय. डासांसाठी क्रेटवर नुसती मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा, दातात येणार नाही अशी. क्रेट पंख्याखाली थंड लादीवर, गादी पातळ. लाईट जाण्याचे दिवस आहेत तर त्या खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर घ्या, टीव्ही नसला तरी चालेल. गळ्यात पट्टा घालून झोपवू नका, एरवीही पगला हार्नेसच (छातीवरून घालायचा पट्टा) बरा. वजन वाढू देऊ नका, घोरणं वजनाबरोबर वाढतं.

साधं घोरणं असतंच, त्याची सवय तुम्हालाच करून घ्यावी लागेल. पण दचकून उठून हवा ओढणं हे मला आवडलेलं नाही. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, आणि डॉक्टरला दाखवा, दवाखान्यात ही पिल्लं नेमकी शहाण्यासारखी वागतात. काहींच्या नाकपुड्या इतक्या बारीक असतात की छोटं ऑपरेशन करून मोकळ्या कराव्या लागतात. जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर व्हिडिओ वगैरे काढत बसू नका, निघा.

प्रश्न: आम्ही रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहतो, सात वर्षांची मुलगी आहे, ती पिल्लाला पलंगावर घेऊन झोपते. चालेल ना?

उत्तर: इतक्यात नको. छोट्या ब्रीडच्या पुढच्या पायांची हाडं काडीसारखी असतात, पलंगावरून उडी मारून पाय मोडलेली पिल्लं नेहमी येतात. शिवाय पिल्लांच्या पोटातले गोल जंत लहान मुलांनाही होऊ शकतात, म्हणजे जंताचे सगळे डोस होईपर्यंत खोकं पलंगाशेजारी खाली आणि मुलीचा हात वरून लोंबता. दोघंही झोपतील. पुढे मोठं झाल्यावर पलंगावर घ्यायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न, त्याने कुत्रा बिघडतो वगैरे काही नसतं, फक्त घरातल्या सगळ्यांनी एकच काय ते ठरवा.

प्रश्न: तारकर्लीला आमचं होमस्टे आहे. सात महिन्यांचा पॉमेरेनियन, पिल्लू असताना छान झोपायचा, आता रात्री जरा कुठे खुट्ट झालं की भुंकतो आणि सुरू झाला की थांबत नाही. गिऱ्हाईक तक्रार करतं. शेजारचे काका परवा तोंडावरच म्हणाले, 'तुमचो कुत्रो आमका रातभर झोपाक देना नाय.' ओरडलो तर अजून जास्त भुंकतो.

उत्तर: दादा, ओरडल्यावर जास्त भुंकतो कारण त्याला वाटतं तुम्हीही सोबत भुंकताय. आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, खरा पॉम मोठा झाल्यावर दोन-तीन किलोचा, हा पाच-सात किलोचा. दोघेही मुळातच सावध आणि भुंकरे, त्यामुळे खुट्ट झालं की सांगणं हे त्याच्या रक्तात आहे आणि सात महिने हे त्याचं वयात यायचं वय, आताच त्याला आपल्या हद्दीची जाणीव होतेय. तुमच्याकडे तर रोज नवीन पाहुणे, रात्री अकराला गाडी येणार, कोणी किनाऱ्यावरून उशिरा परतणार, वर वाडीतले गावठी कुत्रे एकाने सूर लावला की सगळे.

त्याची झोपायची जागा बदला. गेटजवळ किंवा ओटीवर असेल तर तिथून उठवून मागच्या खोलीत, जिथून रस्ता दिसत नाही. पंखा फुल, त्या घरघरीत बाहेरचे बारीक आवाज बुडतात. संध्याकाळी बाजारपेठेतून नुसतं चालवून आणू नका, वीस मिनिटं त्याला हुंगू द्या, वाळूत, कुंपणाच्या कडेने, हवं तिथे थांबू द्या, नाकाचं काम झालेला कुत्रा पळवलेल्या कुत्र्यापेक्षा लवकर झोपतो. घरी आल्यावर जुन्या टॉवेलात दाणे गुंडाळून शोधायला द्या. नारळाचं सोडण मात्र चघळायला देऊ नका, सगळेच देतात, पण काथ्या गिळला गेला तर आतड्यात अडकतो. आंब्याच्या बाठ्याचंही तेच, मेमध्ये होमस्टेच्या मागच्या बाजूला बाठे पडलेले असतात ते आधी उचला.

भुंकला की जवळ जायचं, शांतपणे 'बास' म्हणायचं, वास घेण्यासाठी तोंड मिटलं त्या क्षणाला दाणा. सुरुवातीला एका सेकंदाच्या गप्प बसण्याला दाणा, मग पाच सेकंदांच्या, मग दहा. हे दिवसा शिकवा, मुलाला गेट वाजवायला लावून, रात्री नुसती उजळणी. काही आठवडे लागतील, तोपर्यंत काकांच्या घरी एखादा डबा पाठवत राहा. आणि गणपतीत फटाके, शिमग्याला ढोल असतात तेव्हा या कशाचीच अपेक्षा धरू नका, त्या रात्री त्याला आतल्या खोलीत तुमच्यासोबत ठेवा. भुंकतो म्हणून गळ्यात करंट देणारे पट्टे ऑनलाइन मिळतात ते घेऊ नका. कुत्रा भुंकायचा थांबतो आणि पाहुण्याला न सांगता चावायला लागतो, मग होमस्टेचं काय होईल बघा.

प्रश्न: दापोली तालुका. डॅशहाऊंडचं पिल्लू अडीच महिन्यांचं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की रात्री शूला बाहेर कसं न्यायचं? आमचं घर वाडीच्या टोकाला, मागे जंगल. वडील म्हणतात कुत्रा तो कुत्रा, पडवीत साखळीला बांधा, तो बघेल त्याचं.

उत्तर: वडिलांच्या काळातला गावठी कुत्रा आणि हे वीतभर उंचीचं पिल्लू यात फरक आहे हे त्यांना नीट सांगा, रागावून नको. तुम्ही जंगलाच्या कडेला राहता म्हणजे बिबट्या येऊन गेल्याच्या बातम्या तुम्हाला मी सांगायला नको. पडवीत बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता असतो, साखळीमुळे त्याला पळताही येत नाही. रात्री आत, दार बंद. बिबट्या न आला तरी पावसात मण्यार रात्रीची फिरते, घरातसुद्धा शिरते, सड्यावरच्या भागात फुरसं असतं, आणि डॅशहाऊंड ही बिळात तोंड घालायला तयार केलेली जात, ती हलणाऱ्या वस्तूचा वास घेतल्याशिवाय राहायची नाही. पावसाळ्यात अंगणात बसलेला बेडूक तोंडात धरून तोंडाला फेस आणणारी पिल्लंही दरवर्षी येतात, तसं झालं तर तोंड पुढे खाली झुकवून पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि फोन करा.

म्हणून पाऊस लागायच्या आत एक ट्रे तयार करा. भाताच्या रोपांचा प्लास्टिकचा पसरट ट्रे किंवा जुनी परात चालेल, त्यात अंगणातली माती आणि वर गवताचा तुकडा, आणि तो पडवीत, पण दाराला लागून, पाऊस मारत नाही अशा ठिकाणी. आत्तापासून दिवसाची शू त्यावरच करून घ्या, पायाला गवत लागलं की शू ही खूण एकदा बसली की जुलैच्या मुसळधारेत रात्री दोन पावलं दाराबाहेर आणि परत आत. माती आठवड्याने बदला. रात्री दार उघडण्याआधी बॅटरी मारून पडवी बघायची, पायात चप्पल, पिल्लू छोट्या पट्ट्यावर, मोकळं सोडायचं नाही. परत आत आणलं की पंजे आणि पोट कोरडं पुसायचं, डॅशहाऊंडचं पोट जमिनीला लागतं, ओलं राहिलं की खाज सुटते आणि खाजणारं पिल्लू झोपत नाही. बोटांच्या बेचक्यात आणि कानात गोचीड बघायची तीही याच वेळी.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) लस विसरू नका. उंदीर मुततात ते पाणी पावसात सगळीकडे पसरतं, कुत्र्यालाही लेप्टो होतो आणि त्याच्याकडून माणसालाही. डॉक्टरला विचारून घ्या तुमच्या पिल्लाला दिलेल्या लसीत लेप्टो आहे की नाही, काही लसींत नसतो. त्याचे दोन डोस दोन-चार आठवड्यांच्या अंतराने लागतात, म्हणजे मेच्या आतच सुरुवात केलेली बरी. आणि ट्रेमधली माती काढताना हातात प्लास्टिकची पिशवी घालत जा.